पांढरीवरचें घर कोणाचें? : निलंगा परिसरांतील घरमालकीच्या कागदांचा विचार

(१)

घर कोणाचें, या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक काळानें निराळ्या पुराव्यानें दिलें आहे. एके काळीं तें उत्तर गांवचे पंच व शेजारी देत. पुढें तें कुलकर्ण्याच्या हातचा कागद देऊं लागला. त्यानंतर ग्रामपंचायतीची नोंदवही देऊं लागली. आणि आतां तें आकाशांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून केलेला नकाशा देऊं लागला आहे. पुरावा बदलला कीं मालकही बदलतो, ही गोष्ट मात्र सहसा लक्षांत घेतली जात नाहीं. जें घर कुळाचें म्हणून ओळखलें जाई तें पुढें कर्त्याच्या नांवावर लागतें, आणि कर्त्याच्या पश्चात् ज्याचें नांव नोंदींत चढतें त्याचें होऊन बसतें. भिंती त्याच असतात. स्वत्व मात्र पिढीगणिक विस्तृत अथवा आकुंचित होत जातें.

वतनाच्या, इनामाच्या व मोहिमांच्या कागदांकडे आमच्या संशोधकांनीं जितकें लक्ष पुरविलें, तितकें राहत्या घरांच्या कागदांकडे पुरविलेलें नाहीं. राजवाडे यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पुढें ‘शिवचरित्र साहित्या’चे खंड निघाले. या संग्रहांत महजर व निवाडपत्रें विपुल आहेत; पण त्यांत घराचा उल्लेख येतो तो बहुतेक ठिकाणीं वतनाचा एक अवयव म्हणून. दोन भावांनीं वाड्याचे खण कसे वांटून घेतले, विधवेच्या राहण्याची सोय कोणत्या सोप्यांत केली, कर्जापायीं परस कोणास लिहून दिलें, असले कागद किरकोळ समजून मागें राहिले. प्रस्तुत लेखाचा विषय हेच किरकोळ कागद होत.

या विचारासाठीं निलंगा व त्याच्या भोंवतालचा मुलूख घेण्यास तीन कारणें आहेत. पहिलें असें कीं, हिंदु कुटुंबांतील वारसा ज्या ग्रंथाच्या आधारें शतकानुशतकें ठरला, तो ग्रंथ येथून जवळच रचला गेला. दुसरें, या तालुक्याचा अंमल व जिल्हा इतक्या वेळां बदलला कीं, त्याचीं दप्तरें तीन भाषांत व तीन राज्यांत विखुरलीं. तिसरें, १९९३ च्या भूकंपानें येथील घर आणि घराची मालकी या दोन वस्तु एका रात्रींत एकमेकींपासून निराळ्या करून दाखविल्या.

(२)

दख्खनच्या गांवाचे दोन भाग मानले जात: काळी व पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. काळीचा हिशेब सरकारास हवा असे, कारण वसूल तिच्यांतून निघे. पांढरीचा हिशेब गांवास हवा असे, कारण मान, पान, शेजार व सोयरीक हीं सर्व तिच्यावर उभीं होतीं. गांव पुसतां ‘अमक्याची पांढरी’ असें उत्तर मिळे, तें याच अर्थानें. मिरासदाराची मिरास काळीवरील शेतापुरती नसे. पांढरीवरील घरठाणही तींत येई. दुष्काळानें अथवा दंग्यानें कूळ परागंदा झालें, घर पडलें, तरी मागें राहिलेली बखळ त्याच कुळाच्या नांवानें ओळखली जाई. घर नाहींसें झालें म्हणून घराचा हक्क नाहींसा झाला, असें मानण्याची रीत नव्हती.

या परिसरांतील जुनें घर माळवदाचें असे. दगड व माती यांच्या रुंद भिंती, आंत लाकडी खांब व तुळया, आणि वर लाकडी पाटणीवर घातलेला मातीचा जाड थर, अशी त्याची बांधणी. दोन खांबांमधील अंतरास खण म्हणत आणि घराची मोजणी खणांनीं होई. यामुळें वांटणीच्या कागदांतही चौरस हात क्वचितच येतात. ‘अमुक खण, त्यापुढील सोपा, परस, सामाईक आड, सामाईक भिंत, जाण्यायेण्याची वाट’ असा तपशील येतो आणि शेवटीं चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस अमक्याची बखळ, दक्षिणेस बोळ, उत्तरेस देऊळ: अशी चतुःसीमा म्हणजे त्या काळचा नकाशाच होय. फरक एवढाच कीं, हा नकाशा माणसांच्या नांवांनीं काढलेला असे. शेजारी बदलला कीं सीमा पुन्हां सांगावी लागे. म्हणून शेजाऱ्याची साक्ष हा कागदाचा प्राण असे.

साक्षीदारांच्या निशाण्याही पाहण्याजोग्या असतात. लिहितां न येणारा कुणबी नांगर काढी, इतर लोक आपापल्या धंद्याचें हत्यार काढीत, आणि स्त्रियांच्या नांवापुढें बांगडीची निशाणी येई. घराच्या कागदावर बांगडी दिसली कीं संग्राहकानें तेथें थांबावें. ती देणारीची आहे, घेणारीची आहे, कीं केवळ संमति देणारीची आहे, हें पाहिलें म्हणजे त्या घरांत त्या स्त्रीचें स्थान काय होतें याचा उलगडा होतो.

(३)

निलंग्याच्या आग्नेयेस, फार लांब नव्हे अशा अंतरावर, चालुक्यांची राजधानी कल्याण होती. आज ती बसवकल्याण या नांवानें कर्नाटकांतील बीदर जिल्ह्यांत आहे. तेथें विक्रमादित्य सहावा (राज्यकाल इ. स. १०७६ ते ११२६) याच्या आश्रयानें विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. निलंग्याचें नीळकंठेश्वराचें देऊळ उत्तर चालुक्य धाटणीचें आहे. तेव्हां ग्रंथ व देऊळ हीं एकाच संस्कृतीचीं अपत्यें म्हणण्यास हरकत नाहीं.

मिताक्षरेचा सिद्धांत थोडक्यांत असा कीं, वडिलोपार्जित मालमत्तेंत पुत्रास जन्मतःच स्वत्व प्राप्त होतें. पित्याच्या मरणाची वाट त्यास पाहावी लागत नाहीं. बंगालांत जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’नें याच्या उलट मत स्वीकारलें. मिताक्षरेप्रमाणें पिता हा मालक नव्हे, अनेक मालकांतील एक होय. स्थावर त्याला स्वेच्छेनें विकतां येत नाहीं. आपत्काल, कुटुंबाचा निर्वाह अथवा आवश्यक धर्मकृत्य असें कारण असल्यासच तें विकतां येतें. घराच्या जुन्या विक्रीपत्रांत लेकीचें लग्न, सावकाराचें देणें, सरकारची बाकी अशीं कारणें इतक्या तपशिलानें कां लिहिलेलीं असतात, याचा खुलासा येथें सांपडतो. तीं कारणें लेखकाचा पाल्हाळ नसून विक्रीच्या वैधतेचा पाया होत. भाऊबंदांच्या साक्षी व वंशपरंपरेनें उपभोग घेण्याचा मजकूर यांचेंही मूळ तेंच आहे.

या व्यवस्थेंत घर विकणें कठीण व वांटणें सोपें होतें. चार पुत्र झाले कीं आठ खणांचा वाडा दोनदोन खणांचा होई. त्यांच्या पुत्रांच्या वेळीं एकएक खणावर येई. आणि हें जन्मसिद्ध स्वत्व पुत्रांचें होतें, कन्येचें नव्हे. तिला लग्नापर्यंत आश्रय, लग्नाचा खर्च व माहेरपण मिळे. घराचा खण मिळत नसे. याच परिसरांतील मुसलमान कुटुंबांत शरियतीप्रमाणें मुलीस मुलाच्या निम्मा हिस्सा ठरलेला होता, आणि मेहरापोटीं घर पत्नीस लिहून देण्याचीही रीत होती. म्हणून उर्दू व फारसी कागदांत स्त्रियांचीं नांवें मालक म्हणून अधिक मोकळेपणानें येण्याचा संभव आहे. दोन्ही प्रकारचे कागद शेजारीं ठेवून वाचल्याशिवाय एका गांवचा घरांचा इतिहास पुरा होणार नाहीं.

(४)

निजामी अमलांत निलंगा तालुका बीदर जिल्ह्यांत मोडत असे. पहिले सर सालारजंग (दिवाणगिरी १८५३ ते १८८३) यांनीं जिल्हेबंदी व जमाबंदी यांची नवी घडी बसविली, मुंबई इलाख्याच्या धर्तीवर शेतांची मोजणी सुरू झाली, आणि हैदराबादचा जमीन महसुलाचा कायदा १३१७ फसलींत, म्हणजे १९०७ च्या सुमारास, झाला. परंतु ही सर्व खटपट काळीसाठीं होती. शेत न् शेत मोजलें गेलें, त्यास क्रमांक मिळाला. पांढरी मात्र एका वेढ्यांत गांवठाण म्हणून सोडून दिली गेली. आंत कोणाचें घर किती, याची विचारपूस सरकारनें केली नाहीं, कारण तेथून शेतसारा यावयाचा नव्हता. याचा परिणाम असा झाला कीं, शेताचा पुरावा सरकारी दप्तरांत गेला आणि घराचा पुरावा घरांतच राहिला, कोनाड्यांत, संदुकींत व रुमालांत.

हे घरगुती कागद वाचतांना भाषा व कालगणना यांची नीट ओळख पाहिजे. गांवपातळीवरील लिखाण बहुधा मोडींत आहे. सरकारी कारभाराची भाषा पूर्वीं फारसी होती. १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूनें घेतली. एकाच घराच्या कागदांत आजोबांचें वांटणीपत्र मोडींत, वडिलांच्या अर्जावरील हुकूम उर्दूंत आणि नातवाची घरपट्टीची पावती बाळबोधींत, असा क्रम सांपडल्यास नवल नाहीं. हैदराबादी फसली सनांत ५९० मिळविले असतां इसवी सन साधारण येतो; शुहूर सनांत ५९९ अथवा ६०० मिळवावे लागतात; शकांत ७८. फसली व शुहूर यांचा घोटाळा केल्यास नऊदहा वर्षांची चूक होते, आणि बापाचा कागद मुलाच्या नांवावर जातो.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थानचा निजामी अंमल संपला. १९४९ मध्यें जहागिरी नष्ट झाल्या. १९५० मध्यें कूळकायदा आला. १९५४-५५ मध्यें खासरा पाहणी झाली, जिचें पत्रक आजही मराठवाड्यांतील जमिनीच्या वादांत प्रथम मागितलें जातें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं निलंगा बीदर जिल्ह्यांतून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यांतील उस्मानाबाद (आजचें धाराशिव) जिल्ह्यांत आला. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. १६ ऑगस्ट १९८२ रोजीं लातूर जिल्हा झाला व निलंगा त्यांत गेला. एका माणसाच्या हयातींत त्याचें घर जागचें न हलतां तीन राज्यांत व तीन जिल्ह्यांत राहून आलें. त्यामुळें त्याचीं साधनें लातूर व धाराशिव येथें, कर्नाटकांत बीदर येथें आणि तेलंगणांत हैदराबादच्या अभिलेखागारांत शोधावीं लागतात.

नव्या राज्यांतही पांढरीची उपेक्षा लगेच संपली नाहीं. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ खालीं ग्रामपंचायतींनीं घरांवर कर बसविला व त्याची नोंद नमुना ८ मध्यें होऊं लागली. हा नमुना कर आकारणीचा आहे, मालकीचा नव्हे. तथापि दुसरा कागद नसल्यामुळें लोकांनीं त्यालाच मालकीचा उतारा मानलें. पट्टी भरणारा एक असतो. तो बहुधा वडील भाऊ असतो. अशा रीतीनें चार भावांच्या सामाईक घरावर एकाचें नांव लागलें, आणि दोन पिढ्या गेल्यावर उरलेल्या तिघांच्या नातवंडांस आपला खण सिद्ध करण्यास कागद उरला नाहीं.

(५)

दरम्यान कायद्यानें घरांतील माणसांचे हक्क मुळापासून बदलले. १७ जून १९५६ रोजीं अंमलांत आलेल्या हिंदु उत्तराधिकार अधिनियमानें मुलगी पहिल्या श्रेणीची वारस ठरली. परंतु त्याच कायद्याच्या कलम २३ नें राहत्या घराचा अपवाद केला. कुटुंब राहत असलेल्या घराची वांटणी पुरुष वारस आपण होऊन करीत नाहींत तोंपर्यंत स्त्री वारसास ती मागतां येत नसे. मुलीस केवळ राहण्याचा हक्क होता, आणि तोही ती अविवाहित, विधवा, परित्यक्ता अथवा पतीपासून विभक्त असेल तरच. शेतांत तिचा हिस्सा मान्य झाला, उंबऱ्यावर अडला. मिताक्षरेचा घराविषयींचा जुना भाव नव्या कायद्यांत असा अर्धशतक टिकून राहिला.

महाराष्ट्रानें २२ जून १९९४ पासून मुलीस सहदायाद केलें. मात्र त्या तारखेपूर्वीं विवाह झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून अंमलांत आलेल्या केंद्रीय दुरुस्तीनें तो भेद काढला, मुलीस मुलासारखेंच जन्मानें स्वत्व दिलें आणि कलम २३ रद्द केलें. ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें विनीता शर्मा यांच्या खटल्यांत निर्णय दिला कीं, हा हक्क जन्मसिद्ध असल्यामुळें २००५ मध्यें पिता हयात असण्याची अट नाहीं. कल्याणच्या पंडितानें पुत्रासाठीं मांडलेला जन्मस्वत्वाचा सिद्धांत नऊ शतकांनीं कन्येपर्यंत पोंचला, असें म्हणतां येईल.

याच कायद्यांत संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावी अशी एक गोष्ट आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वीं झालेली वांटणी २००५ च्या दुरुस्तीनें मोडत नाहीं. पण वांटणी म्हणजे नोंदणी झालेला दस्त अथवा न्यायालयाचा हुकूमनामा. तोंडी वांटणीचा बचाव अपवादात्मक प्रसंगींच, आणि सार्वजनिक कागदपत्रांचा आधार असेल तरच, मान्य होऊं शकतो, असें न्यायालयानें म्हटलें आहे. गांवोगांवच्या वांटण्या बहुधा साध्या कागदावर वा पंचांसमक्ष तोंडीं झालेल्या. तेव्हां माळ्यावरचा पिवळा कागद इतिहासाचें साधन तर आहेच; त्यावर आज एखाद्या भावाचा अथवा बहिणीचा हक्क अवलंबून असूं शकतो.

(६)

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे तीन वाजून छपन्न मिनिटांनीं किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक निजले होते. औसा, निलंगा व उमरगा हे तालुके प्रामुख्यानें उद्ध्वस्त झाले. सुमारे आठ हजार माणसें दगावलीं. माळवदाचा जो भार उन्हाळ्यांत गारवा देई, तोच भार व मातींत रचलेल्या दगडी भिंती मृत्यूचें कारण झाल्या. जेथें छत लाकडी खांबांवर तोललेलें होतें तेथें भिंती कोसळूनही सांगाडा उभा राहिला, अशीं उदाहरणें अभ्यासकांनीं नोंदलीं आहेत. म्हणजे वांटणीपत्रांत ज्या खणांचा उल्लेख येतो तेच कोठें कोठें शिल्लक राहिले.

पुढें जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्यानें पुनर्वसन झालें. ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं, आणि त्यांतील घराचें क्षेत्रफळ ठरविण्याचा नियम असा झाला: भूमिहीनांस व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांस २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांस ४००, आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यांस ७५०. इतिहासाच्या दृष्टीनें हा नियम फार महत्त्वाचा आहे. पूर्वीं घराचें मान कुळावरून, वाड्यावरून व पिढ्यांवरून ठरे. आतां तें सातबाऱ्यावरून ठरलें. काळीच्या मापानें पांढरी मोजली गेली. एकत्र राहणाऱ्या भावांनीं जमिनीचे हिस्से कागदोपत्रीं निराळे केले होते कीं नव्हते, या गोष्टीला घराच्या बाबतींतही वजन आलें. दुसऱ्या बाजूस, ज्यांच्या पूर्वजांच्या झोंपडीस कोणी कधीं चतुःसीमा लिहून दिली नव्हती, त्या भूमिहीन कुटुंबांस घराचा सरकारी कागद मिळाला. तेव्हां जुन्या वाड्यांच्या नाशाबद्दल हळहळ व्यक्त करतांना हा लाभ विसरूं नये.

नवीं गांवें सरळ रस्त्यांचीं झालीं. कोणाच्या घराशेजारीं कोण, हें भाऊबंदकीनें न ठरतां आराखड्यानें ठरूं लागलें. चतुःसीमेंतील चुलत्याचें घर, भावकीची बखळ, कुळाचा आड हे शब्द निरर्थक झाले. घरांबरोबर त्यांतील कागदही ढिगाऱ्यांत गेले, हें सांगावयास नको.

(७)

त्यानंतरच्या पिढीनें घर दोन नव्या मार्गांनीं मिळविलें. पहिला मार्ग घरकुलाचा. १९८५ मध्यें सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेचा लाभ आरंभीं अनुसूचित जाति-जमातींस व मुक्त वेठबिगारांस होता. १९९३-९४ पासून तो इतर गरिबांसही मिळूं लागला. घर स्त्रीच्या नांवें अथवा पतिपत्नींच्या संयुक्त नांवें द्यावें, असा या योजनेचा दंडक होता; २०१६ पासून तिच्या जागीं आलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेनेंही ती दिशा सोडली नाहीं. जुन्या कागदावर बांगडीच्या निशाणीनें बाजूस उभी असलेली स्त्री येथें मालकाच्या रकान्यांत आली.

दुसरा मार्ग शहराचा. शिकलेलीं मुलें लातूर, पुणें, हैदराबाद येथें गेलीं व कर्ज काढून सदनिका घेऊं लागलीं. अशा घराचा इतिहास १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्यापासून सुरू होतो. त्यास परस नसतें, बखळ नसते. त्याचा कागद म्हणजे नोंदलेला करार व सूची क्रमांक २ चा उतारा. पूर्वीं घर पिढ्यांनीं बांधलें जाई व एक पिढी त्यांत राही. आतां एकच माणूस आपल्या नोकरीचीं वर्षें गहाण टाकून तें विकत घेतो. तें त्याचें स्वकष्टार्जित असल्यामुळें त्यावर पुत्राचें वा कन्येचें जन्मसिद्ध स्वत्व उत्पन्न होत नाहीं. मृत्युपत्रानें तो तें कोणासही देऊं शकतो. मिताक्षरेच्या भूमींतील मनुष्य शहरांत जाऊन नकळत दायभागाच्या जवळ गेला आहे.

२०११ च्या जनगणनेंत भारतांतील ग्रामीण कुटुंबांपैकीं ९४.७ टक्के व नागरी कुटुंबांपैकीं ६९.२ टक्के कुटुंबें स्वतःच्या घरांत राहतात अशी नोंद झाली. आंकडा समाधानकारक दिसतो. पण ‘स्वतःचें’ हा शब्द कुटुंबाच्या तोंडचा आहे. त्या कुटुंबांत कोणाचें, आणि कोणत्या कागदानें, हें जनगणना विचारीत नाहीं. इतिहासाचें काम तेथूनच सुरू होतें.

(८)

आतां पांढरीची मोजणी चालू झाली आहे. महाराष्ट्रानें भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्यानें पुणें जिल्ह्यांतील सोनोरी येथें ड्रोनच्या योगें गांवठाण मोजण्याचा प्रयोग केला, आणि २४ एप्रिल २०२० रोजीं केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली. घरमालकांनीं आपल्या सीमेवर चुन्याची रेघ ओढावयाची, यंत्रानें वरून छायाचित्र घ्यावयाचें, मग चौकशी होऊन सनद व मिळकत पत्रिका द्यावयाची, असा क्रम आहे. १८ जानेवारी २०२५ रोजीं एकाच दिवशीं देशांतील पन्नास हजारांहून अधिक गांवांतील ६५ लाख पत्रिकांचें वितरण जाहीर झालें. जें काम सालारजंगांच्या मोजणीनें केलें नाहीं तें आतां होत आहे. घरावर कर्ज मिळेल, अतिक्रमणाचे तंटे मिटतील, हा लाभ खरा आहे.

परंतु यंत्रास भिंत दिसते, हक्क दिसत नाहीं. चुन्याची रेघ कोणी ओढावयाची हें गांवांत राहणारा ठरवितो. पुण्यास गेलेला भाऊ व सासरीं गेलेली बहीण त्या दिवशीं तेथें नसतात. चौकशीस समोर येतो तो बहुधा नमुना ८ वरील नांवाचा माणूस. अशा वेळीं चार वारसांचें घर एका नांवानें पक्कें होण्याचा धोका आहे. आणि एकदां सनद हातीं आली कीं जुने मोडी-उर्दू कागद निरुपयोगी समजून रद्दींत जातील, हा धोका त्याहून मोठा. न्यायमूर्ति संदीप शिंदे समितीनें २०२३ मध्यें कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हां मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची किती निकड भासली हें सर्वांनीं पाहिलें. त्या वेळीं कागदांत एकच शब्द शोधावयाचा होता. घराचा इतिहास लिहावयाचा तर सबंध कागद वाचावा लागेल.

म्हणून निलंगा व भोंवतालच्या तालुक्यांत घरोघरचे वांटणीपत्र, विक्रीपत्र, गहाणखत, घरपट्टीच्या पावत्या व भूकंपानंतरचे वाटपाचे कागद यांची व्यवस्थित याद करण्याचें काम मोजणी पुरी होण्यापूर्वीं हातीं घेतलें पाहिजे. यादींत सन, लिपि, खणांची संख्या, चतुःसीमा, साक्षीदार व निशाण्या, आणि स्त्रियांचीं नांवें कोणत्या नात्यानें आलीं, हे रकाने अवश्य असावेत. एका गांवच्या पन्नास घरांच्या चतुःसीमा जुळविल्या तर नाहींशा झालेल्या पांढरीचा नकाशा पुन्हां मांडतां येईल. विस्थापित गांवांच्या बाबतींत तर दुसरा उपायच नाहीं.

मात्र येथें संग्राहकांस एक पथ्य पाळावें लागेल. वतनाचें महत्त्व संपल्यावर वतनाचा कागद संग्रहांत आला तर कोणाचें नुकसान होत नाहीं. घराच्या कागदाचें तसें नाहीं. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यांतून पुढें आला असतां त्याच्या खरेपणाविषयीं न्यायालय अनुमान करूं शकतें, असा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत होता व १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेंही तो ठेवला आहे. घराचा कागद घरांत असणें हा योग्य ताबा होय. तोच कागद पेठेंतून विकत घेऊन आमच्या कपाटांत आला कीं इतिहासाचें साधन वाढतें. पण एखाद्या बहिणीचा अथवा धाकट्या पातीच्या नातवाचा पुरावा दुबळा होण्याचा संभव असतो. तेव्हां घराच्या कागदांचें छायाचित्र घ्यावें, वाचन करून त्याची बाळबोध नक्कल मालकास द्यावी, आणि मूळ कागद ज्या घराचा त्या घरीं ठेवावा.